गार इंजिनाची टकटक दर सर्व्हिसनंतर परत येते? आधी चेंबरमधल्या ऑइलचा नंबर बघा

सकाळी साडेसहाला गाडी चालू केली की पहिली पाच-सहा सेकंदं बॉनेटखालून टक-टक-टक असा कोरडा आवाज. रिकाम्या डब्यावर चमचा वाजवावा तसा. मीटरवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा एरवी इंजिन लागताक्षणी विझतो, तो या दिवसांत एक श्वास उशिरा विझायचा. मग आवाज बंद, गाडी एकदम शहाण्यासारखी. दुपारी चालू केली तर काहीच नाही.

आमची २०१६ची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. कराडमध्ये शाळा, बँक, मंडई, आणि महिन्यातून दोनदा पुणे. हा आवाज तीन सर्व्हिसिंगमध्ये तीनदा सांगितला. पहिल्यांदा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) सेट केले. दुसऱ्यांदा पेट्रोल पंप बदलून बघा म्हणाले. तिसऱ्यांदा सांगितलं, "ताई, गाडी आता जुनी झाली, एवढं चालायचंच." गाडी तेव्हा ६८,००० किलोमीटर चालली होती. नीट सांभाळलेल्या पेट्रोल इंजिनाच्या मानाने हे वय काहीच नाही. शिवाय एक गोष्ट मला खटकत होती: आवाज सर्व्हिसिंगच्या आधी कमी आणि सर्व्हिसिंगनंतर जास्त असायचा. नवीन ऑइल घातल्यावर इंजिन शांत व्हायला हवं ना?

ज्यांच्या गाडीला असाच त्रास आहे त्यांच्यासाठी मी काय काय तपासलं ते क्रमाने लिहिते. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडायला परवानगी देण्याआधी एवढं नक्की करून बघा.

आधी पातळी, मगच बाकीचं

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून किमान दहा मिनिटं झालेली. ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढायची, सुती फडक्याने पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं त्यावर विसंबू नका, नळीला लागलेलं ऑइल पट्टीभर पसरलेलं असतं. दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जवळ पातळी असली की ठीक. बहुतेक गाड्यांत या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभराचं अंतर असतं, छोट्या गाड्यांत थोडं कमी.

माझ्या पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. कमी असेल म्हणून बघायला गेले आणि जास्त निघालं. हेही वाईटच. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आणि फेसाळलेलं ऑइल दाब नीट धरत नाही. जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरकडे जातं ते वेगळंच. "थोडं जास्त घातलंय, उडलं तरी चालेल" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा आणि जास्तीचं काढून घ्या.

मग जुनं बिल शोधलं. त्यावर एवढंच होतं: इंजिन ऑइल ३.५ लि. नंबर नाही, ग्रेड नाही, कंपनी नाही. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसकट ३ लिटरच्या आसपास लागतं असं लिहिलंय. गॅरेजमध्ये जाऊन विचारलं तेव्हा कोपऱ्यातला ड्रम दाखवला. २०डब्ल्यू-५०. सगळ्या गाड्यांना तेच. का, तर "आपल्याकडं गरमी किती, पातळ ऑइल टिकत नाही. जाड असलं की इंजिन सुरक्षित."

मेस्त्री मुद्दाम फसवत होते असं मला वाटत नाही. माझे बाबा अजूनही हेच म्हणतात. त्यांनी वीस वर्षं ॲम्बॅसेडर चालवली, त्यात जाड ऑइलच घालायचे आणि त्या इंजिनाला ते चालायचंही. पण त्या काळची समजूत आजच्या इंजिनाला लावली की काय होतं, ते मला रोज सकाळी ऐकू येत होतं.

त्या दोन आकड्यांचा अर्थ

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा गार ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, आणि आकडा जितका लहान तितकं गारठ्यात ते लवकर पोहोचतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड उरतं त्याचा. मापाच्या भाषेत, ३० नंबरचं ऑइल १०० अंशाला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (हे जाडीचं माप, आकडा मोठा तितकं ऑइल जाड), ५० नंबरचं १६.३ ते २१.९.

आता "आपल्याकडं गरमी" या मुद्द्याकडे येऊ, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. तापलेल्या इंजिनाला बाहेर मे महिना आहे की जानेवारी, याने फारसा फरक पडत नाही. थर्मोस्टॅट नावाचा छोटा भाग कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, आणि ऑइलही साधारण त्याच पट्ट्यात, चढावर त्याहून थोडं वर, काम करतं. गाडी बनवणाऱ्यांनी नंबर ठरवताना हेच तापमान धरलेलं असतं. बाहेरची हवा महत्त्वाची ठरते ती गार इंजिन चालू करताना, आणि तिथे जाड ऑइल मदत करत नाही, आडवं येतं.

४० अंशाला २०डब्ल्यू-५० ची जाडी साधारण १५० ते १७० सेंटीस्टोक असते, ५डब्ल्यू-३० ची ६० ते ७०. कराडला जानेवारीत पहाटे हवा १२-१३ अंशांवर आलेली असते, तेव्हा हा फरक आणखी वाढतो. मी घरी एक साधी गोष्ट करून पाहिली. दोन्ही ऑइलं दोन छोट्या बाटल्यांत भरून रात्रभर गच्चीवर ठेवली आणि सकाळी एकदम उलटी केली. एक काकवीसारखं सावकाश उतरलं, दुसरं खायच्या तेलासारखं भरभर. डोळ्यांनी पाहिल्यावर आकडे पाठ करायची गरज उरत नाही.

इंजिनात काय होतं, तर पंप ते घट्ट ऑइल ढकलायला बघतो, दाब एकदम वाढतो आणि पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरंचसं ऑइल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, सोडून देतो. म्हणजे पंपापाशी दाब आहे पण वर जाणारं ऑइल थोडं. हेड सगळ्यात वर, त्यामुळे कॅम आणि टॅपेट सगळ्यात शेवटी ओले होतात. तोवर टक-टक. फिल्टरचा बायपास व्हॉल्व्हही अशा वेळी उघडू शकतो, मग न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे. आणि आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर, बारीक छिद्रांतून चालते. तिला चुकीचं किंवा मळकं ऑइल मिळालं की ती उशिरा हलते. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी००११ सारखा, याच यंत्रणेचा, कोड आला असेल तर सेन्सर किंवा सोलेनॉइड बदलण्याआधी चेंबरमध्ये कोणतं ऑइल आहे ते विचारा.

माझ्या गाडीची पुस्तिका ५डब्ल्यू-३० सांगते. लिटरला १७ देणारी गाडी गेली दोन वर्षं १६ च्या आसपास का घुटमळत होती, तेही मग कळलं.

ऑइल बदललं, आवाज अर्धाच गेला

बाजारातून पुस्तिकेतल्या नंबरचा सीलबंद कॅन आणला, स्वतः उभी राहून बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी आवाज दोन सेकंदांवर आला. दिवाही लगेच विझला. पण आवाज पूर्ण गेला नाही. इथे मी जवळजवळ हात टेकले होते.

उरलेली चूक फिल्टरमध्ये निघाली. चांगल्या फिल्टरच्या आत एक रबरी पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं आणि वरच्या वाटांमधलं ऑइल खाली चेंबरमध्ये निथळू नये, हे त्याचं काम. स्वस्त फिल्टरमध्ये हा पडदा कडक होतो किंवा नीट बसतच नाही. मग रात्रभरात सगळं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो. माझ्या गाडीला लावलेला फिल्टर सोडवला तेव्हा त्यात जेमतेम दोन चमचे ऑइल होतं. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या फिल्टरला हा त्रास जास्त. गाडीच्या कंपनीचा मूळ फिल्टर लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली आणि मी आवाजाची वाट बघत बसले. आलाच नाही. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

तेव्हा टकटक फक्त सकाळी असेल आणि काही सेकंदांत थांबत असेल तर ऑइलचा नंबर आणि फिल्टर, या दोनच गोष्टींवर पहिला पैसा खर्च करा. तापलेल्या इंजिनातही आवाज राहत असेल, किंवा खालून धप-धप असा जड आवाज येत असेल, तर मात्र ते काम ऑइल बदलून भागणारं नाही.

नंबर जुळला तरी अर्धंच काम झालं

कॅनवर दुसरी एक ओळ असते, तिच्याकडे लोक बघतच नाहीत. एपीआय एसएन, एपीआय एसपी, असं काहीतरी. एपीआय ही ऑइलची प्रत ठरवणारी अमेरिकन संस्था. पेट्रोल इंजिनासाठी पहिलं अक्षर एस, डिझेलसाठी सी. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे तितकं ऑइल नव्या कसोटीचं. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. एसपीमध्ये टायमिंग चेनची झीज आणि टर्बो पेट्रोल इंजिनात कमी वेगाला होणारा अवेळी स्फोट, या दोन्हीच्या चाचण्या आल्या. त्यामुळे टर्बो पेट्रोल गाडी असेल तर एसपीच्या खाली उतरू नका. पुस्तिकेत एसएन लिहिलंय आणि बाजारात एसपी मिळतंय तर खुशाल घ्या, नवं जुन्याला चालतं. पण ही सवलत फक्त अक्षरांना आहे, जाडीच्या आकड्याला नाही. हल्लीच्या काही छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं असतं. "नवीन आलंय, एकदम भारी" म्हणून ते पंधरा वर्षांच्या गाडीत ओतू नका. तिचे बेअरिंग त्या पातळ थरासाठी बनवलेले नाहीत.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. काजळी जाळून साफ करता येते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती तिथेच साठते आणि फिल्टर कायमचा तुंबतो. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. कॅनवर एसीईए (ही युरोपची प्रतवारी) सी२ किंवा सी३ असं काहीतरी असतं, पुस्तिकेत असेल तेच घ्यायचं. ग्रेड ५डब्ल्यू-३० सारखीच दिसते म्हणून पेट्रोलचं किंवा जुन्या डिझेलचं ऑइल घातलं तर लगेच काही कळत नाही. कळतं ते डीपीएफचं बिल हातात आल्यावर.

याच गाड्यांची दुसरी तक्रार अशी की ऑइल आपोआप वाढतंय. भास नाही तो. काजळी जाळताना इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, आणि रोज तीन-चार किलोमीटरच गाडी चालवली तर ते जाळणं अर्धवट राहून डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर पातळी चढते, ऑइलला डिझेलचा वास येतो आणि ते पातळ होतं. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल बदलाच. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला एकसारख्या वेगाने गाडी न्या, म्हणजे साफसफाई पुरी होईल.

ऑइल कमी होत असेल तर

आधी मोजा. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणा, किलोमीटर लिहा, १,००० किलोमीटरनंतर पुन्हा तेवढीच करायला किती मिलिलिटर लागलं ते लिहा. "बहुतेक पितेय" यावर कोणताही मेस्त्री काही करू शकत नाही, आकड्यावर करू शकतो.

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. डाग पडला तर बहुतेक वेळा ड्रेन बोल्टचा वायसर, फिल्टरची रिंग किंवा हेड कव्हरचं गॅस्केट. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवीन लागतो. काही रुपयांची वस्तू, पण जुनाच पुन्हा लावायची सवय सगळीकडे आहे. डाग नसेल तर धूर बघा, आणि त्यासाठी घाटासारखी जागा नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना गॅस (ॲक्सिलरेटर) दाबल्यावर मागे निळसर धूर येत असेल तर संशय रिंगांवर. घाट उतरताना गॅस सोडून गिअरमध्ये आलात आणि तळाला पुन्हा गॅस देताच निळा भपका आला तर व्हॉल्व्ह सील. मागच्या गाडीत घरचं कोणी बसवलं तर आरशापेक्षा चांगलं कळतं. रिंगांचं मोठं काम काढण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढू देणारा छोटा व्हॉल्व्ह, तपासून घ्या. तो तुंबला तरी इंजिन ऑइल पितं, आणि तो स्वस्त आहे.

लाखाच्या पुढे गेलेल्या, थोडं ऑइल पिणाऱ्या गाडीला एक पायरी जाड, म्हणजे ३० ऐवजी ४०, घालायला माझी हरकत नाही. अट एवढीच की पुस्तिकेच्या तक्त्यात तो नंबर असला पाहिजे. बऱ्याच पुस्तिकांत एकाहून जास्त ग्रेड दिलेल्या असतात. पण सिग्नलला उभं असताना लाल दिवा लुकलुकतो म्हणून जाड ऑइल घालून तो बंद करणं म्हणजे ताप उतरवून दुखणं झाकणं. तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जायचं नाही. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पातळी बघा. पातळी ठीक असेल तर दाबाच्या स्विचच्या जागी गेज लावून खरा दाब मोजायला सांगा. कधी नुसता स्विच खराब असतो, कधी चेंबरमधली जाळी गाळाने बुजलेली असते. काही तीन सिलिंडरच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे चुकीच्या ऑइलने बेल्टचे तुकडे सुटून हीच जाळी बंद होते.

वाटेत ऑइल कमी दिसलं आणि नेमका नंबर मिळाला नाही, तर त्याच्या जवळच्या नंबरचं कोणतंही कार ऑइल घालून पातळी पुरी करा. दोन कंपन्यांचं एकत्र झालं म्हणून काही बिघडत नाही. कमी ऑइलवर चालवणं त्याहून कितीतरी वाईट. परत आल्यावर बदलून टाका. मोटारसायकलचं ऑइल मात्र या कामाला नको. ते ओल्या, म्हणजे ऑइलमध्येच फिरणाऱ्या, क्लचसाठी वेगळं बनवलेलं असतं.

रंगावरून निर्णय घेऊ नका. डिझेलमध्ये नवं ऑइल दोन दिवसांत काळं होतं आणि ते बरोबरच आहे. सीएनजी गाडीत ते महिनोन्महिने मधासारखं दिसतं, म्हणून मुदत उलटू देणारेही मी पाहिलेत. दुधाळ, चहाच्या सायीसारखं दिसलं तर मात्र थांबा. पट्टीवर तसं दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये शिरतंय, गाडी चालवू नका. नुसत्या झाकणाच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात थोडी साय दिसली आणि कूलंट कमी होत नसेल तर ती छोट्या फेऱ्यांची वाफ असते, लांबच्या एका प्रवासात जाते.

विकत घेताना

सुटं ऑइल नको. सीलबंद कॅन, तुमच्यासमोर उघडलेला. झाकणाची कडी शाबूत, बनवल्याची तारीख आणि बॅच नंबर कॅनवर छापलेला. रिकामा कॅन गॅरेजमध्ये सोडू नका. चांगल्या कॅनना भंगारात जादा भाव मिळतो आणि त्यात पुन्हा काय भरलं जातं ते आपल्याला माहीत नसतं. मी स्क्रू-ड्रायव्हरने तळाला भोक पाडूनच टाकते. बिलावर ग्रेड, एपीआयची अक्षरं आणि किती लिटर, तिन्ही लिहून घ्या.

मुदत बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण गाडी बहुतांशी गावातल्या गावात, ट्रॅफिकमध्ये फिरत असेल तर पुस्तिकेतलं "कठीण वापर" हे कोष्टक आपल्यासाठीच आहे, त्यात मुदत कमी दिलेली असते. मी वर्षाची वाट बघत नाही, आठ महिन्यांनी बदलते. खर्च थोडा वाढतो, पण सुट्या ऑइलवर दोन वर्षं जे पेट्रोल जास्त गेलं त्यापुढे काहीच नाही.

आणि निघालेलं जळकं ऑइल. आमच्याकडे ते शटरिंगच्या फळ्यांना, गोठ्याच्या खांबांना फासायला मागून नेतात, उरलेलं गटारात जातं आणि गटार नदीला मिळतं. मी ते त्याच कॅनमध्ये भरून, बूच घट्ट लावून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरवर नेऊन देते. दर वेळी घेतातच असं नाही, आधी फोन करून विचारते. भोक पाडायचं ते त्यानंतर.